शेवट मोहनला विचारून

शशी, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. घरी नाही, आपल्या सिनेमा मंडळात नाही, मेधावहिनींना तर नाहीच. तुझा लेख मी वाचला नव्हता.

गेल्या दिवाळीच्या आधी तू निळ्या फाइलमध्ये घालून झेरॉक्स दिलीस, एकेचाळीस पानं. ती फाइल मी उघडली नाही. तीन आठवड्यांनी तुझा फोन आला. "काय रे, वाचलंस का?" मी म्हणालो, "वाचलं. छान झालंय. फक्त शेवट जमलेला नाही."

तू मग म्हणालास, "अच्छा. बघतो."

इतकंच झालं होतं. फोन ठेवून मी जेवायला बसलो. त्यानंतर आठ महिने, म्हणजे तू होतास तोवर, तू शेवट लिहीत राहिलास.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. घरात मला एका जागी बसवत नाही. उठतो, खिडकीशी जातो, खाली मेट्रोच्या खांबांचं काम चाललंय ते बघतो, परत येऊन बसतो. बायको म्हणते, "डोंबिवलीला पुन्हा जाऊन या एकदा, बरं वाटेल." तिला वाटतं मला तुझी आठवण येते. येते, पण ती जराशी बाजूला सरकली की हे दुसरं वर येतं.

का वाचला नाही? तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं, कारखान्यात ऑडिट होतं, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दोन्ही होतंच. पण एकेचाळीस पानं वाचायला लागतो किती वेळ? खरं कारण वेगळं आहे. पंचवीस वर्षं मंडळात आपण दोघं म्हणत आलो, या दोन सिनेमांवर एकदा नीट लिहायचं. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारा तू लिहून बसलास आणि मी अजून म्हणतच होतो. मला राग आला होता तुझा. फाइल कपाटावर ठेवताना मी ती उलटी ठेवली, नाव खाली करून. हे मला लख्ख आठवतंय.

आणि मी कोण, तर कारखान्यात तपासणी विभागात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. मापाचं गेज लावल्याशिवाय एकाही पार्टला पासचा हिरवा स्टिकर लावला नाही. सुपरवायझर डोक्यावर उभा राहिला तरी नाही. तुझ्या लेखाला मात्र न बघता लाल लावला.

शेवटच का काढला, तेही सांगतो. मंडळात राहून शिकलेली ही चलाखी. न बघितलेल्या सिनेमाबद्दल बोलायची वेळ आली तर शेवटाबद्दल बोलावं. शेवटाबद्दल कुणाचंच समाधान झालेलं नसतं, त्यामुळे माणूस पकडला जात नाही.

दुसऱ्या सिनेमाच्या वेळचं आठवतंय ना? तुझ्या जुन्या घरी, डोंबिवली पूर्वेला, भाड्याने आणलेल्या सीडीवर. लोडशेडिंगचे दिवस. तो म्हातारा रेडिओवाला माइक हातात घेतो, आता बोलणार, आणि फटकन वीज गेली. तुझे बाबा आतल्या खोलीतून ओरडले, "गेला का तुमचा अंतराळवीर?" वीज येईपर्यंत सीडी परत करायची वेळ झालेली. पुढचा आठवडाभर दुकानात ती सीडी दुसऱ्याकडे होती, आणि तो आठवडाभर आपण न बघितलेल्या शेवटावरून भांडलो. तू तुझा शेवट सांगितलास, मी माझा. खरा शेवट बघितला तेव्हा कळलं की बाकी काही राहिलंच नव्हतं. म्हातारा श्वास घेतो, संपलं. तू खूश. मी म्हणालो, "भाडं परत माग रे."

त्या दोन सिनेमांना आपण त्यांच्या नावाने कधी हाक मारलीच नाही. पहिला 'वजनवाला', दुसरा 'उत्तरवाला'. मंडळात नव्या माणसाला तू एकदा समजावून सांगितलं होतंस, ग्रंथालयाच्या त्या वरच्या हॉलमध्ये, फळ्यावर दोन रकाने पाडून. तसंच इथे लिहितो, कारण हे कदाचित दुसरं कुणीही वाचेल.

वजनवाला आपण ठाण्याला मोठ्या पडद्यावर बघितला होता. दूरच्या ग्रहावर खाण. तिथे एक यंत्र निघतं, वस्तूचं वजन काढून घेणारं. पण काढलेलं वजन नाहीसं होत नाही, ते दुसऱ्या कशावर तरी टाकावं लागतं. अख्खं शहर हलकं होतं, घरं दोरीने बांधून हवेत तरंगतात, लोक नाचतात. सगळं वजन टाकलंय खाणीतल्या एका शिशाच्या गोळ्यावर, आणि तो गोळा ग्रहाच्या पोटात रुतत चाललाय. नायक क्रेन चालवणारा. फार बोलत नाही. तो ते वजन थोडं थोडं स्वतःच्या अंगावर घ्यायला लागतो.

उत्तरवाल्यात एका उजाड खडकावर रेडिओचं ठाणं, आणि तिथे एकटा माणूस. त्याच्या यंत्रावर उत्तरं आधी येतात, प्रश्न नंतर पाठवायचा. उत्तर आलं की त्याला साजेसा प्रश्न विचारावाच लागतो, नाहीतर सगळी साखळी तुटते. एक दिवस उत्तर येतं, "हो, येतो." प्रश्न कुठला ते त्याला कळत नाही. तीस वर्षं तो तो प्रश्न शोधत बसतो.

तुझा नियम साधा होता, आणि मला वाटतं तुझ्या विद्यार्थ्यांनाही तो पाठ असेल. विज्ञानकथेला एक खोटं माफ. एकच. त्यानंतर सगळं खरं वागलं पाहिजे. दुसरं खोटं बोललास की ती परीकथा झाली. या नियमाने तू वजनवाल्याला नापास केलंस. "वजन काढता येतं, ठीक, हे एक खोटं दिलं तुला. पण एवढं वजन अंगावर घेतलेला माणूस उभा राहतो तेव्हा त्याच्या पायाखालची फरशी का फुटत नाही? सांग ना. फरशी काय पोलादाची आहे?"

मी म्हणायचो, "तुला फरशी दिसते, माणूस दिसत नाही."

"माणूस काय, नुसता उचलतोय. विचार करायला त्याला उसंत कुठाय?"

"आणि तुझा? तीस वर्षं खुर्चीत. माझ्या ऑफिसात असे दोन आहेत, त्यांच्यावर सिनेमा काढ."

मग चहा यायचा. चहानंतर बाजू बदलायची, हा मंडळाचा रिवाज. ज्याने जे ठोकलं त्याने त्याचीच तरफदारी करायची. तू वजनवाल्याची बाजू घ्यायचास तेव्हा मजा यायची, इतकी सफाईने घ्यायचास, पण आवाज बदलायचा तुझा. वकिलासारखा व्हायचा. सगळ्यांना कळायचं, हे चहानंतरचं आहे.

आता शनिवारांचं बोलतो. तेच टाळतोय केव्हापासून.

मंगळवार, गुरुवार वहिनी, शनिवारी मी. ठाण्याहून गाडी काढायची, तुला डोंबिवलीतून घ्यायचं, कल्याणच्या डायलिसिस सेंटरला न्यायचं, चार तास थांबायचं, परत सोडायचं. सगळे म्हणायचे, मोहन किती करतो शशीचं. तूही एकदा पत्रीपुलावर गाडी अडकलेली असताना म्हणालास, "तुला कंटाळा येत नाही का रे?" मी म्हणालो, "ट्रॅफिकचा येतो." तेव्हा त्या फोनला दोन महिने झाले होते आणि गाडी चालवत असलो की तुझ्याकडे बघावं लागत नाही, एवढंच मला बरं वाटायचं.

डाव्या हाताला सुया, उजव्या हातात पेन, मांडीवर पॅड. सिस्टर ओरडायची, "सर, हात हलवू नका, मशीन बोंबलतंय." तू म्हणायचास, "लिहिणारा हात हलतोय, मशीनचा हात स्थिर आहे. भौतिकशास्त्र आहे ते." आणि लिहून झालेलं पान माझ्याकडे द्यायचास. "बघ. हा जास्त जुळतो का मागच्याशी?"

मागचं मी वाचलंच नव्हतं.

"जुळतो थोडा," मी म्हणायचो. किंवा, "जरा घाई झालीये." किंवा, "याच्या आधीचा बरा होता." आठ शेवट लिहिलेस तू. प्रत्येकावर माझं काहीतरी मत होतं. एक खोटं माफ, शशी. मी त्यावर आणखी आठ बोललो, आणि प्रत्येक पहिल्याला धरून, अगदी नियमाने.

शेजारच्या खाटेवर म्हात्रेकाका असायचे, कल्याणजवळच्याच गावातले, तीन रिक्षांचे मालक. त्यांना या सगळ्याची भारी उत्सुकता. "मास्तर, तो वजनवाला मेला का जिता हाय, सांग एकदाचा." तू हसून माझ्याकडे बोट केलंस. म्हात्रेकाका माझ्याकडे वळले, "तुमी वाचलाय ना सगला? मंग तुमीच सांगा."

मी म्हणालो, "ते लेखात नाहीये काका, सिनेमा बघावा लागेल."

तू पेनाचं टोपण लावलंस, काढलंस. मग म्हात्रेकाकांना म्हणालास, "जिता आहे, काका."

लेखात ते आहे. सहाव्या पानावर आहे, चांगला परिच्छेदभर. मला हे गेल्या आठवड्यात कळलं. म्हणजे तुला त्या दिवशी कळलं होतं का? की डायलिसिसला बसलेल्या माणसाला एवढं लक्षात राहत नाही? या विचाराने मी रात्री किती वेळा उठून बसलो असेन. तुला कळलं होतं आणि तरी पुढच्या शनिवारी तू नवा शेवट माझ्या हातात दिलास, की तुला कळलंच नाही आणि तू खरोखर माझ्या मतासाठी थांबलास? यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

आणखी एक संवाद आहे. तो आता सांगितला पाहिजे.

तिसऱ्या शेवटानंतरचा शनिवार. परत येताना ठाकुर्लीच्या वळणावर तू अचानक म्हणालास, "तो पहिला शेवट... तुला अवघडल्यासारखं झालं असेल ना?"

मला कशाबद्दल ते माहीत नव्हतं. मी म्हणालो, "झालं थोडं."

"बरोबर आहे. तसं लिहायला नको होतं. काढून टाकलाय मी तो."

"बरं केलंस," मी म्हणालो. आणि सुटल्यासारखं वाटलं मला, कारण तू पुढे काही विचारलं नाहीस. घराशी उतरताना तू माझ्या दंडाला हात लावलास. तुझी तशी सवय नव्हती.

तू सोमवारी सकाळी गेलास. दहाव्या दिवशी मी वहिनींकडे गेलो होतो. त्यांनी कागदांचा गठ्ठा समोर ठेवला. तुझी मूळ प्रत, तुझ्या अक्षरातली, शेवटची पानं फाडलेली. त्यामागे पिनांनी लावलेले आठ शेवट, प्रत्येकावर आकडा. आणि नववा. नवव्या पानावर एकच ओळ. शेवट मोहनला विचारून.

वहिनी म्हणाल्या, "मंडळाचे लोक पुस्तिका काढायची म्हणतायत. छपाईवाल्याशी बोलणं झालंय. भावजी, तुमचं दोघांचं काय ठरलं होतं? यातला कुठला घ्यायचा?"

"बघून सांगतो," मी म्हणालो.

"शनिवारी घरी आले की खुशीत असायचे. म्हणायचे, मोहन्या सोडत नाहीये मला, शेवट नीट झाल्याशिवाय ऐकणार नाही." त्या हसल्या थोड्या. "तुमच्यामुळे लिहीत राहिले. नाहीतर त्या चार तासांत नुसतं छताकडे बघत बसायचं."

शशी, मी तिथून उठलो ते चप्पल उलटसुलट घालून खाली आलो. गाडीत बसून राहिलो. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आभार मानले.

घरी येऊन स्टुलावर चढून फाइल काढली. धूळ बसलेली. पहिल्या पानापासून वाचला, क्रमाने, कुठेही उडी न मारता. फार चांगला आहे रे लेख. तुझ्या बोलण्यासारखाच, पण बोलताना तू जे मध्येच सोडून द्यायचास ते इथे तू पूर्ण केलंयस. उत्तरवाल्या म्हाताऱ्यावर लिहिलंयस ते पान मी तीनदा वाचलं. आलेल्या उत्तराला लायक प्रश्न विचारता यावा म्हणून जो आयुष्यभर सुधारत राहतो, तो आळशी कसा, असं विचारलंयस. पंचवीस वर्षांत मला कुणी हे असं सांगितलं नव्हतं. कदाचित तू सांगितलं असशील, मी चहाची वाट बघत असेन.

आणि मग एकोणचाळिसाव्या पानापासून शेवट. माझ्या झेरॉक्समध्ये तो आहे, तुझ्या प्रतीत तो नाही. जगात आता एवढीच एक प्रत. तुझ्याच शब्दांत उतरवतो.

"इतकी वर्षं मी वाट बघणाऱ्या नायकाच्या बाजूने बोललो, कारण मी स्वतः तसा आहे. आता वजन उचलणाऱ्याबद्दल. माझे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले तेव्हा आम्ही लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. दर आठवड्याला त्यांना खुर्चीत बसवून व्यायामासाठी खाली न्यावं लागे. वरच्या बाजूने इमारतीचा वॉचमन धरी, खालच्या बाजूने माझा एक मित्र. मी मागून बाबांच्या चपला आणि फाइल घेऊन उतरत असे, आणि विचार करत असे. मी भौतिकशास्त्र शिकवतो. जिना उतरताना खुर्चीचं वजन खालच्या माणसावर जास्त येतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी कधी म्हणालो नाही की आज खाली मी धरतो. तोही कधी म्हणाला नाही. सव्वा वर्ष चाललं हे. एवढं वजन घेतलेल्या माणसाच्या पायाखालची फरशी का फुटत नाही, असं मी त्याला इतकी वर्षं विचारत आलो. फुटत नाही. मी मागून उतरताना बघितलेलं आहे. हे चहानंतरचं बोलणं नव्हे. मोहन, तुझं बरोबर होतं."

याला मी म्हणालो, शेवट जमलेला नाही.

मला तो जिना आठवतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तुळशीची कुंडी होती, तिला खुर्ची घासायची. तुझे बाबा म्हणायचे, "मोहन, सावकाश, मी कुठे पळून जात नाहीये." मला ते वजन वाटलंच नव्हतं कधी. तू मागे होतास, तुझ्या चपलांचा आवाज येत असायचा, झालं. पण तू ते इतकी वर्षं मनात धरून ठेवलंस आणि एकदाच बाहेर काढलंस, तेही पाठ फिरवून, लेखाच्या शेवटी. मी ते परत तुझ्या अंगावर टाकलं. तू काय समजला असशील? की मला तुझे आभार नको आहेत. की मी लाजलो. की तुझी कबुली मला पसंत नाही. आणि मग पुढचे आठ शेवट. त्या आठांत मी कुठेच नाही. जिना नाही, बाबा नाहीत. नीटनेटके, कोरडे, हुशार शेवट आहेत ते. पाचव्यात तर तू वजनवाल्याला परत नापास केलंयस.

एक मन म्हणतं, वहिनी म्हणाल्या तेच धर. माझ्या खोट्यामुळे त्या चार तासांना काहीतरी काम मिळालं, तू लिहीत राहिलास. तसं असेलही. पण हे उत्तर मी प्रश्नाच्या आधी तयार करतोय, आणि ती सवय मला आता सोडायची आहे.

शनिवार आला की मी अजून सकाळी गाडीची किल्ली उचलतो. गेल्या शनिवारी खरंच गेलो, कल्याणला, सेंटरच्या दारापर्यंत. म्हात्रेकाका बाहेर रिक्षात बसले होते, त्यांचं झालं होतं. मला बघून म्हणाले, "मास्तरचा ऐकला. वाईट झाला." मग, "लिवून झाला का त्याचा?"

"झाला होता काका," मी म्हणालो. "आधीच झाला होता."

त्यांना कळलं नसेल. पण तुझ्या लेखाबद्दल मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य.

वहिनींचा काल मेसेज आला. छपाईवाला विचारतोय, शेवटची पानं कधी देताय. मी आज 'उद्या' म्हणून कळवलंय, आणि उद्या मी डोंबिवलीला जाणार आहे. ही निळी फाइल त्यांच्या हातात देऊन, एकोणचाळीस ते एकेचाळीस ही पानं छापा, असं सांगायचं आहे. का, असं त्या विचारतील. मी तो वाचला नव्हता, हे त्यांच्याकडे बघून सांगायचं आहे. मग महिन्याच्या शेवटच्या रविवारी हॉलमध्ये तुझा लेख पहिल्यापासून मोठ्याने वाचायचा आहे, चहाच्या आधी, आणि वाचण्याआधी तिथेही हेच सांगायचं आहे.

एवढं माझ्याकडे तुझं राहिलंय, शशी. यातलं अजून काहीही मी केलेलं नाही.